पायाभरणीचा मंडप

स्वस्त घरांच्या योजनेला नगरपालिकेचा निधी आला की मंडपवाल्याला बोलावणं ठरलेलं. अध्यक्ष बदलले, कोनशिला बदलल्या, पाया काही खोदला गेला नाही. मंडपवाला मात्र दर पायाभरणीला त्याच मैदानात, आपल्याच जुन्या खड्ड्यांत खांब रोवायचा.

यंदाचे नवे अध्यक्ष माइकवर कडाडले, "आधीच्यांनी नुसती भाषणं ठोकली! या योजनेतून एकाचं तरी घर झालं का? झालं असेल त्याने हात वर करावा!"

गर्दीतून एकही हात वर आला नाही. पंख्याच्या वायरीपाशी उभ्या मंडपवाल्याचा हात मात्र भाबडेपणाने वर गेला.



शेजारी उभ्या बायकोने तो खसकन खाली ओढला. "अहो, आपलं दुमजली घर या मंडपांवर उभं राहिलंय, हे काय चारचौघांत सांगायचं असतं?"