ओढ्यातलं राज्य

“रंग्या, आधी तलवारी कर, मग राज्यात ये.” लहानपणी ओढ्यातून चंद्रभानची अशी हाक यायची. काठावर बसून ज्वारीच्या धाटांच्या तलवारी आणि चिपाडांचे मुकुट करता करता रंगनाथची बोटं कापायची. तो खाली पोचेपर्यंत राक्षस मरून गेलेला असायचा.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली रंगनाथ पहिल्यांदा गावात परतला. सोळा वर्षांपूर्वी नामांतराच्याच दंगलीत बौद्धवाडा जळाला, तेव्हाच त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं होतं. चंद्रभाननं त्याला एस्टीतून उतरल्या उतरल्या ओढ्यावर नेलं.

“ह्या खेपेला काही करत बसू नको, मर्दा. नुस्तं हिंडू. अन् राजा तूच.”

दोघं हिंडले. राक्षसाची कपार पाहिली, नागिणीची विहीर पाहिली.

“बोल की राजा,” चंद्रभान हसत म्हणाला. “लय गप हायेस.”

रंगनाथ वाळूत बसला.

“चंद्या, आमच्या घराला काडी तुझ्या आबानं लावली. मी पाहिलं. पोलिसांनी लय विचारलं, पन मी नाव घेतलं न्हाई. म्हनलं, आपल्याला अजून खेळायचं हाय.”