आलेला गुण

आमच्या चर्चच्या दारात काचेच्या कपाटात पोलिओच्या पायाला बांधायचा छोटा लोखंडी कॅलिपर ठेवलाय, बुटासकट. टीव्हीवरच्या प्रवचनात माझा मुलगा तो उंच धरून सांगतो, “बाबांनी हात ठेवला आणि पोरगी चालली!” चालली खरी, कॅलिपर काढून, सात पावलं. अमेरिकेत, ओक्लाहोमात, त्रेपन्न साली, गावोगाव फिरणाऱ्या माझ्या प्रार्थनासभेच्या तंबूत. दुसऱ्या दिवशी तंबू उतरवताना तिचा बाप तिला कडेवर घेऊन आला. “ब्रदर, कॅलिपर परत द्या. पोर सारखी पडतेय.” “परत बांधणं म्हणजे अविश्वास. आलेला गुण निघून जाईल,” मी दटावलं. तो भांडला नाही. “निदान बूट तरी द्या. तिचा एवढाच जोड आहे.” बूट कॅलिपरला ठोकलेला होता, पुढच्या गावी दाखवायला मला तो अख्खा हवा होता. “देव देईल,” म्हणालो. टाळ्या वाजल्या की अजून तिचे पाय दिसतात: उजव्यात बूट, डाव्यात नुसता मोजा.