कानिफनाथचा केसपेपर

"नक्की कुठं दुखतं?" डॉ. फैयाज यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कानिफनाथनं बेंबीखाली हात नेला, मग जरा डावीकडं, मग उजवीकडं, आणि शेवटी तो दाराकडंच बघायला लागला. "जरा थुंकून येतो," म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. राजूरच्या बाजाराचा दिवस, बाकड्यावर बसायला जागा नाही, आणि ह्या बाबाला थुंकायला सवड!

तो परत आला ते उत्तर घेऊनच. "बेंबीच्या खाली, चार बोटं. लई न्हाई, बारीक बारीक. येतं आन् जातं."

"हे आधी नाही का सांगता आलं?"

"आठवाया लागतं, डाक्टर."

डॉ. फैयाज यांचा दवाखाना इथं बावीस वर्षं चालत होता, तो त्यांच्या प्रश्नांवर. नीट विचारलं की निम्मा आजार पेशंट स्वतःच सांगून टाकतो, असं ते ज्याला त्याला ऐकवत. पोटदुखीचे तर त्यांचे वीस प्रश्न ठरलेले होते. त्यांनी केसपेपर पुढं ओढला. कानिफनाथ, वय चाळीस. समोरच्या पिकल्या मिशा बघून त्यांनी मनातल्या मनात दहा वर्षं वाढवली. गावाकडं वय असंच अंदाजपंचे सांगतात.

"जेवणाआधी दुखतं की नंतर?"

"त्याचं काय न्हाई. हंडा उचलला की. लावणीत वाकलं की."

"पाणी तुम्ही भरता?"

"घरात कुनाला तरी भरावंच लागतंय."

"उपास-तापास?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी."

"तंबाखू?"

"न्हाई. मिसरी तेवढी, सकाळची."

"मग आत्ता थुंकून काय आलात?" डॉक्टर हसले. कानिफनाथही ओशाळून हसला. पेशंट खोटं बोलायला लागला की डॉक्टरांना उलट बरंच वाटायचं. कारण मग आजार फारसा मोठा नसायचा.

"महिन्यातून किती वेळा होतं?"

"मधनंअधनं हुतंच. पर एकदा हटकून जोरात. चार-पाच दिस टिकतं."

"त्या दिवसांत काय वेगळं खाता?"

"खानं नकोच वाटतं."

त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं आणि पोट दाबलं. वर, खाली, दोन्ही कुशीला. गडी ढिम्म. उजव्या बाजूला तर त्याला चक्क गुदगुल्या झाल्या. गॅस असेल, जंत असतील, उपासाचं पित्त असेल, नाहीतर एखादा बारीक खडा. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या.

पण कानिफनाथ उठेना. खाली बघत म्हणाला, "डाक्टर, आमची थोरली वैनी असंच बारीक दुखतंय, बारीक दुखतंय म्हनत ऱ्हायली. आमीबी हसन्यावारी नेलं. सा महिन्यांत गेली. घरात दोन लेकरं हायत वो. मानूस ऱ्हायलं पायजे."

 डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली आणि खाली सोनोग्राफी लिहिली. "संगमनेरला जाऊन करून या. एकदा बघून टाकू."

"मशीनमदी?" कानिफनाथ एकदम चपापला. "आवो, ते कसं जमंल?"

"घाबरता काय? पाच मिनिटांचं काम. सुई नाही, टोचणं नाही."

तो पुन्हा थुंकायला गेला. या वेळी बराच वेळ लागला. खिडकीतून डॉक्टरांना लिंबाखाली बसलेली त्याची बायको दिसली, पंकजा. तो मघाशी थुंकायला गेला तेव्हाही ती तिथंच बसली होती, पदर तोंडाशी धरून. नवरा तिच्याशी खाली वाकून बोलत होता आणि ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही म्हणून.

"बाईंना आत सावलीत बसू द्या," तो आल्यावर डॉक्टर म्हणाले. "तुमच्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्यात."

"आत न्हाई यायची ती. बाप्या मानसापुढं लई लाजती." मग त्यानं चिठ्ठी घेतली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "बघतो कसं जमतंय ते."

दुसऱ्या बाजाराला कानिफनाथ रिपोर्टचा लिफाफा घेऊन हजर. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. काही नाही! खडा नाही, सूज नाही, गाठ नाही. लिव्हर स्वच्छ, किडन्या ठणठणीत.

"गोळ्यांनी फरक पडला?"

"दोन दिस पडला. परवापास्नं परत सुरू. ह्या खेपेला जरा जादाच."

"हा मनाचा आजार आहे, कानिफनाथ. वहिनींचं मनावर घेतलंत तुम्ही. हा रिपोर्ट एक नंबर आलाय. उपास बंद करा, मिसरी सोडा, आणि घरी जाऊन बाईंना सांगा की काळजी करायचं कारण नाही."

कानिफनाथनं हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, तो आता खुशीत नाचतच जाईल. पण तो लिफाफा छातीशी धरून बिचकत बिचकतच बाहेर पडला. पुढच्या पेशंटला हाक मारण्याआधी डॉक्टर हात धुवायला खिडकीजवळच्या नळावर गेले. लिंबाखाली तो बायकोशेजारी टेकला होता. ती पोटाशी पाय घेऊन बसली होती.

"रिपोर्ट चांगला हाय. डाक्टर म्हनले, काळजी करू नका."

"तुमी निजला मशीनखाली. तुमचा चांगलाच येनार की," पंकजा म्हणाली. "माझं समदं सांगितलं ना? आठ-आठ दिस अंगावरनं जातंय, थांबत न्हाई, ते?"

कानिफनाथनं लिफाफ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कागदावर नाव माझं, तितं ते कसं सांगू? आन् डाक्टरनंबी इचारलं न्हाई."