दहावं मशीन

"नाही. हेही परत न्या," बाई म्हणाल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि पुन्हा टेबलापाशी आल्या.

मशीनवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. पाच वाजता बाईंच्या मशीनची मंजुरी रद्द होणार होती आणि त्याच पैशांत वरच्या मजल्यावरचे लोक एक भलामोठा फ्रीज आणणार होते. नऊ आठवड्यांत त्याने नऊ मशीन तीन जिने चढवली होती आणि त्यातली आठ उतरवली होती. आता जिन्याचं नुसतं नाव काढलं तरी त्याचे गुडघे कुरकुरत. बायको म्हणायची, एवढ्या खेपा आमच्या दारात घातल्या असत्या, तर आमचे बाबा पहिल्याच महिन्यात हो म्हणाले असते.

बाईंचं काम रेणूंच्या गणिताचं. बाटल्या हलवायच्या नाहीत, वास घ्यायचे नाहीत. रेणू संगणकात घालायचा आणि तो कसा बसतो, कसा वळतो ते आकडेमोडीने काढायचं. त्यातल्या एका रेणूचं भांडण बारा वर्षांचं जुनं होतं. तो पाण्यात उघडा राहतो, असं बाईंचं म्हणणं. तो मिटतो, असं त्यांच्या थोरल्या बहिणीचं. ताई तेव्हा शेजारच्याच टेबलावर बसत. भर सभेत बाईंनी त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं, सभाही हसली, आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी टेबल आवरलं ते कायमचंच. तेव्हापासून दोघी बहिणी भेटायच्या लग्नात नाहीतर मयतात, आणि बोलायच्या तिसऱ्याच्या तोंडून. हे सगळं मशीनवाल्याला खालच्या कारकुनाने सांगितलं होतं. नवं मशीन आलं की एकदाचा निकाल लागणार म्हणे. म्हणूनच बाई एवढ्या चोखंदळ, असं तो धरून चालला होता.

चोखंदळपणालाही काही सुमार असतो. पहिलं मशीन दोन दिवस तापून चाललं. कारकून त्याच्या पाठीशी हातरुमाल वाळवून गेला. दुसऱ्याचे पंखे असे सुटले की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे उलटलं. तिसऱ्याचं ग्राफिक कार्ड खेळातल्या गोळीबाराला वाघ होतं, पण दशांशाच्या बारीक आकड्यांत कच्चं असेल, असं बाईंनीच काढलं. चौथ्याच्या मेमरीत सासरच्या सात पिढ्यांची गाऱ्हाणी मावली असती; बाई म्हणाल्या, स्वतःची चूक स्वतः पकडणारी मेमरी हवी. त्याने तीही आणली. मग प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा हवा झाला, मग डिस्क वेगळी, मग मेमरी पुन्हा तपासून. पहिल्याने दोन दिवस घेतलेलं गणित नवव्याने चाळीस मिनिटांत संपवलं. प्रत्येक मशीनला गणित तेच दिलेलं: तोच रेणू, एकदा उघडा, एकदा मिटलेला, आणि दोहोंतला फरक. ते संपलं की बाई त्याला बाहेर चहाला पिटाळत, दार लोटून घेत. तो परत येई तेव्हा त्या खोलीत येरझाऱ्या घालत असत.

आज चहा घेता घेता त्याला एक गोष्ट खटकली. नऊ आठवड्यांत बाईंनी "याहून वेगवान आहे का" असं एकदाही विचारलं नव्हतं. दर वेळी एकच प्रश्न: "याहून अचूक आहे का?"

साडेचार झाले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून बाईंपुढे पसरला. नऊ मशीन, नऊ ओळी. प्रत्येकाला लागलेला वेळ, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाने काढलेला फरक. आकड्याचा अर्थ त्याला कळत नव्हता. परत आलेल्या आठ मशीनवर राहून गेलेल्या फायलींतून आणि नवव्याच्या पडद्यावरून त्याने तो जसाच्या तसा उतरवला होता. दुकानदारीतला हा त्याचा शेवटचा डाव.

"बघा मॅडम," तो म्हणाला. "वेळ सगळ्यांचा वेगळा. पण आकडा सगळीकडे तोच, दशांशानंतर चार घरांपर्यंत. नऊ मशीन, तीन कंपन्या, आणि एकानेही शब्द फिरवला नाही. यापेक्षा अचूक म्हणजे आणखी काय असतं?"

बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत कागद वाचला. मग खाली बसल्या.

"दहावं आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की पंख्यांत विरून गेला असता. पण नववं मशीन अगदी मुकाट चालायचं.

दहावं होतं. खाली गाडीत, दोरीने बांधलेलं, आणि सगळ्यांत भारी. जिभेवर आलेलं "आहे" दुकानदाराने गिळणं ही तशी न ऐकलेली गोष्ट, पण बाईंचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"आहे म्हटलं तर आहे," तो म्हणाला. "पण मॅडम, ते काही निराळं सांगेल असं मला नाही वाटत."

मग बाईंनी मंजुरीचा कागद ओढला, खाली सही केली आणि मशीनच्या नावाची जागा कोरीच ठेवून तो त्याच्याकडे सरकवला. कुठलंही लिहा, म्हणाल्या. पाचाला दहा कमी होते. मशीनवाल्याने पेन उघडलं, आणि ते तसंच हातात राहिलं, कारण बाईंनी फोन कानाला लावला होता आणि पलीकडची घंटा त्यालासुद्धा ऐकू येत होती.

पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणालं. बाईंनी दोनदा तोंड उघडून मिटलं.

"ताई, मीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "तो मिटतोच गं. मला नऊ आठवड्यांपूर्वीच कळलंय."