दिवाकररावांच्या पसंतीचं ड्रिल

टेम्पो दिवाकररावांच्या फाटकापाशी थांबला नाही. पुढे गेला आणि शेजारच्या मोतीरामच्या बंगल्यासमोर उभा राहिला.

"अरे, मागे घे! घर मागे राहिलं," दिवाकरराव ड्रायव्हरवर ओरडले. त्यांच्या मांडीवर ड्रिल मशीनचं खोकं होतं. रविवार कारंज्यावरच्या दुकानापासून त्यांनी ते तान्हं मूल धरावं तसं धरलं होतं. गतिरोधक आला की खोक्यावर हात ठेवायचे.

"बरोबर हाय," मोतीराम खाली उतरत म्हणाला. "इथंच उतरवायचंय."

दिवाकरराव गालात हसले. रविवारी त्यांची पंचाहत्तरी. तोवर भेट लपवून ठेवायचा बेत दिसतोय. सकाळी मोतीराम दारात येऊन म्हणाला होता, "चला, हत्यारं घ्यायचीत. पसंती तुमची." तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. मोतीरामला कशाला हवीत हत्यारं? जन्म गेला झेंडूच्या वावरात. भिंतीत खिळा ठोकायचा तरी दिवाकररावांना हाक. एकट्या मोतीरामचीच नाही, सगळ्या गल्लीची हाक त्यांनाच.

दुकानात त्यांनी मग काही बाकी ठेवलं नाही. प्रत्येक ड्रिल चालवलं, डॉक्टर छाती तपासतो तसं कान लावून ऐकलं. एका मशीनला तर ते म्हणाले, "याला सर्दी आहे." खोटं वाटेल, पण दुकानदारानं ते उघडलं तर आतून चमचाभर पाणी निघालं. मोतीराम मागून म्हणतच होता, "अजून एक बघा. घाई नाय."

ड्रिल उतरलं. ग्राइंडर, शिकंजा, पान्यांचा संच, सगळं उतरलं. मोतीरामच्या गॅरेजचं शटर वर गेलं. आत कोरं करकरीत टेबल, नवी ट्यूबलाइट, भिंतीवर ओळीनं हुक.

"लपवायला एवढी तयारी?" दिवाकरराव म्हणाले.

मोतीराम खोक्यापाशी वाकला. त्यानं खोक्यातून ड्रिल काढलं. दिवाकरराव डावखुरे, दुकानात त्यांनी बाजूची मूठ आपल्या सोयीनं उजवीकडे लावून घेतली होती. मोतीरामनं ती पिळून सोडवली आणि डावीकडे घट्ट बसवली.

"अरे, असं मला धरता यायचं नाही."

"मला येईल ना," मोतीराम म्हणाला. मान खालीच.

तेवढ्यात सरोजिनीबाई आल्या. हातात घरचं ताट, त्यात कुंकू, अक्षता, नारळ. "झालं का भाऊजी मनासारखं?" त्यांनी विचारलं, ते मोतीरामला.

दिवाकररावांनी ताटाकडे पाहिलं. मग बायकोकडे. "तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं भाऊजींना. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात फळी ठोकायला गेलात आणि पाइपात भोक पाडलंत." ते खरं होतं. कारंजं असं उडालं होतं की मागच्या अळूला आठवडाभर पाणी घालावं लागलं नाही. "हात किती थरथरतो तुमचा! उद्या मांडीत घुसलं म्हणजे? गल्लीतली कामं आता भाऊजी करतील. सगळ्यांशी बोलणं झालंय."

"सगळ्यांशी?"

"तुम्हाला सोडून," मोतीराम म्हणाला. मग घाईघाईनं, "रागावू नका, दिवाकरराव. पहिलं भोक तुम्हीच पाडा. तुमच्या हाताला लय यश हाय."

"अस्सं. यशही त्याच हाताला, आणि थरथरही त्याच हाताला."

दिवाकररावांनी चष्मा पुसला. माणूस मानी होता, पण रीत सोडणारा नव्हता. "पाडतो," ते म्हणाले. "पण भोक सागात पडलं पाहिजे. माझ्याकडे फळी आहे. आणतो."

"अहो, थांबा..." सरोजिनीबाई ताट ठेवून मागे धावल्या.

तोवर त्यांनी आपल्या गॅरेजचं शटर उचललं होतं.

आत काही नव्हतं. टेबल नाही, करवती नाहीत, फळ्या नाहीत. ज्या जुन्या ड्रिलचं बटण दाबलं की तीन घरांतले पंखे मंद व्हायचे, तेही नाही. फरशी धुतलेली, अजून ओली.

"भंगारवाला येऊन गेला," सरोजिनीबाई मागून हळूच म्हणाल्या. "तुमच्यादेखत नेऊ दिलं असतंत का?"

अजून एक बघा. घाई नाय. दिवाकररावांना आता कळलं, मोतीरामला घाई का नव्हती.

"केवढी जागा निघाली बघा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "गाडी राहील आरामात."

"आपल्याकडे गाडी नाही."

"नाही. पण राहील."

पलीकडून नव्या ड्रिलचा आवाज आला. मोतीरामला दम निघाला नव्हता. आवाज गुळगुळीत नव्हता. खडखडत, आदळत येत होता. दिवाकररावांची मान आपोआप तिरकी झाली. मशीनवर एक खटका असतो. भिंत फोडायची तर हातोडीच्या चित्राकडे, लाकडाला त्याच्या उलट. मोतीरामनं लाकडावर हातोडी सोडली होती. काहीतरी करकरलं, तडकलं. आवाज थांबला.

"दिवाकरराव!" मोतीरामनं हाक मारली. "अहो, हे असं का करतंय?"

दिवाकररावांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि शटर आतून खाली ओढलं.

"कसला हो आवाज?" अंधारात सरोजिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही," दिवाकरराव म्हणाले. "शिकतोय."