बर्फाचा आवाज

नव्या सुनेनं कोकम सरबताचा पेला माझ्यापुढे धरला आणि आतला बर्फ काचेवर किणकिणला. लग्नाला आठवडा झाला नव्हता, पण ती मला बाबा म्हणायची ते खरं वाटायचं.

दारू सोडून मला चारशे अकरा दिवस झाले होते. तरी तेवढ्या आवाजानं तोंडाला पाणी सुटलं. डॉक्टर म्हणाले होते, "काका, दारू अंगातून आठवड्यात जाते. पण मेंदूला जुनी खूण पटली, की तो मागणारच." मला वाटलं होतं, उगाच भीती घालतायत.

"हा पेला आत ने!" मी खेकसलो.

तिचा चेहरा उतरला. "बाबा, माहेरच्या आहेराचा सेट आहे. आवडला नाही का?"

बायको डोळ्यांनी मला गप्प करत होती. लग्न ठरवताना तिनं व्याह्यांपासून माझं पिणं लपवलं होतं. पण लाज राखायला खोटं बोलायचं आणि संध्याकाळी गुत्ता गाठायचा, हे मी वीस वर्षं केलं होतं.

"पोरी, पेला चांगलाय. तुझा सासरा बेवडा आहे. आज पीत नाही, एवढंच. काचेत बर्फ वाजला की मला प्यावीशी वाटते. आत्ताही वाटतेय."

ती पेला घेऊन आत गेली. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. बायको आणि मी कान देऊन बसलो. आतून सुनेचा आवाज आला.

"सेट ना? अगं, फुटला सगळा. माझ्याच हातून. हो, आहेच मी धांदरट. घाल काय शिव्या घालायच्यात त्या."