सांध्याचा वास

आमच्या कारखान्यात लाकडावर नक्षी जाळायचं मशीन आहे. त्याच्या धुराचा पाइप नव्याने जोडला की सांध्याशी नाक नेऊन मी वास घेते, आणि मी "चालू दे" म्हटल्याशिवाय कामाला कुणी हात लावत नाही. पण मागच्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. हे कळलं तर मला उद्याच घरी खुर्चीत बसवतील.

आज लेकाने पाइप चढवला, पट्टी आवळली आणि मशीन सुरू केलं. "आई, येतोय का वास?"

मला काहीच कळेना. पण उगाच "नाही" म्हणून कारागिरांच्या छातीत धूर कसा भरू?

"येतोय. नीट आवळ."

त्याने आवळली. "आता?"

"येतोय. ते सिलिकॉन काय नुसतं बघायला आणलंय? भर की कडेने!"

ते वाळेपर्यंत मी नुसत्या येरझाऱ्या घातल्या. त्याने पुन्हा मशीन लावलं. "आता तरी?"

"येतोय."

"आई, तू पाइप हुंगतेस की माझ्या चुका?"

तेवढ्यात मघापासून तिथेच घुटमळणारी सून केर काढायच्या निमित्ताने मागे आली, सांध्याशी वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, आता नाही म्हणा. मघाशी दोन्ही वेळा खरंच येत होता."

"चालू दे!" मी ओरडले. मग सगळ्यांदेखत सुनेला बजावलं, "उद्यापासून हे तू बघायचं. माझी कंबर धरते, मला एवढं वाकवत नाही."